मंगळावरचे कालवे आणि आमचे बाबूभाई

त्या दिवशी सकाळी आमच्या वसाहतीतल्या नळांना पाणी साडेसहाऐवजी आठला आलं. बादल्या घेऊन लोक खाली उभे, बायका पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडतायत, आणि मीही, खोटं कशाला सांगू, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण लावून त्यांच्यातच ओरडत होतो. तेवढ्यात पंपघरातला दुसरा माणूस सायकलवरून आला. उतरलासुद्धा नाही. एक पाय जमिनीवर टेकून म्हणाला, "बाबूभाई गेले. कामावर यायला निघाले व्हते, उंबऱ्यातच छातीत कळ आली..." चार वर्षांत ज्या माणसानं एक दिवस पाणी चुकवलं नाही, त्याच्या मरणाची खबर आम्हाला त्याला शिव्या देता देता मिळाली. दुपारी कासारवाडीला मय्यतीला गेलो, मूठभर माती दिली आणि घरी आलो.

याला आता सहा आठवडे होत आले. मी काही लेखक नव्हे आणि हे लिहिणारही नव्हतो. पण आमच्या वाचनालयानं शोकसभा घेतली आणि तिथं जे ऐकलं त्यानं तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून उतरलेली नाही. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब बोलायला उभे राहिले. उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "बाबूभाई शेख म्हणजे भोळा जीव. मंगळावर माणसं राहतात आणि त्यांनी तिथं कालवे खणलेत, असं त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं." सभेत हशा पिकला. शोकसभेत हशा! बाबूभाईंचा थोरला मुलगा पुढच्याच रांगेत बसला होता, तो खाली मान घालून टोपी चाचपत राहिला. अहो, सगळ्या पिंपरीत जो एकच माणूस उभा राहून 'ते कालवे नव्हेत' असं कारणांसकट सांगून गेला, त्याच्याच माथी तुम्ही हे भोळेपण मारता? तेही तो मातीआड गेल्यावर, उलटून बोलायला नाही म्हणून? मंगळावर काय आहे हे मला ठाऊक नाही, अण्णासाहेबांना नाही, आज या पृथ्वीवर कुणालाच नाही. पण बाबूभाई काय म्हणाले होते हे मला पक्कं ठाऊक आहे. ते त्यांच्या नावावर राहिलं पाहिजे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

बाबूभाई मूळचे पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले. तिथल्या एका कालव्यावर बारा वर्षं पाटकरी होते. म्हणजे कालव्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या शेताच्या चारीला कधी किती पाणी सोडायचं ते बघायचं, आणि काठ फुटला तर फावडं घेऊन धावायचं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते लोक टेल म्हणतात. मुखाकडच्या गावांत ऊस डोक्याच्या वर जातो आणि टेलच्या गावात कुसळं, हे त्यांनी बारा वर्षं बघितलं. एकदा मात्र त्यांनी हट्टच धरला. काठी घेऊन दोन दिवस वरच्या दारांवर पहारा केला, कुणाला फळी हलवू दिली नाही, आणि पाणी टेलला नेऊन पोचवलं. "बायामानसांनी पान्याला हळदकुकू वाहिलं, चिटणीस. येक म्हातारी तर पाटात बसलीच, उठंना." हे सांगताना ते इतके खुलायचे! पुढच्याच महिन्यात वरच्या गावच्या बड्या मंडळींनी त्यांची तिथून उचलबांगडी केली. मग वर्षभर इकडेतिकडे काढून ते आमच्या कारखान्यात पंपावर लागले आणि कासारवाडीत दोन खोल्या घेऊन राहिले. शाळा चौथीपर्यंत. वाचनालयाचे सभासद मात्र पहिल्या महिन्यापासूनचे. पाळी संपली की यायचे, हातपाय धुऊन मागच्या बाकावर बसायचे आणि ओळीखाली बोट धरून वर्तमानपत्र वाचायचे. मी वाचनालय निघाल्यापासूनचा चिटणीस, म्हणून त्यांना मी कायम 'चिटणीस'. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

छप्पन्न साली भाद्रपदात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. दिवेलागणीनंतर मोशीच्या बाजूला लालभडक वर यायचा. वर्तमानपत्रांत रोज त्याचंच. पाऊणशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दुर्बिणीवाल्यांना मंगळावर बारीक सरळ रेघा दिसल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे. कुणी म्हणे ते कालवे आहेत. तिथल्या प्राचीन, सुधारलेल्या लोकांनी ध्रुवावरचं बर्फ वितळवून पाणी आणायला खणलेले. कुणी म्हणे जमिनीला पडलेल्या भेगा. कुणी म्हणे नुसता डोळ्यांचा भ्रम. एका मासिकात त्या रेघांचा नकाशा आला होता, तो मी फळ्यावर डकवला. बाबूभाई आठवडाभर त्याच्यासमोर उभे. शेवटी मला विचारलं, "ह्यो कुठला कालवा म्हनायचा?" मी म्हटलं, मंगळावरचा. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. "खनला कुनी?" म्हणाले. मी म्हटलं, तोच तर वाद आहे, गणपतीत आपण त्यावर सभाच ठेवलीय. त्यावर "मग यायला पायजे" म्हणून परत नकाशाकडे वळले.

सभा गणपतीच्या मांडवात झाली. कालवे खरे आणि ती प्राचीन संस्कृतीची खूण, ही बाजू मांडायला पुण्याहून एक प्राध्यापक महाशय आले होते. ती नैसर्गिक घडण आहे असं सांगायला आमच्याच कारखान्यातले एक इंजिनिअर. इंजिनिअरसाहेब भेगांपलीकडे काही सांगू शकले नाहीत आणि घाम पुसत बसले. प्राध्यापक मात्र बोलायला काय गोड! आपल्या पुराणांपर्यंत जाऊन आले, लोप पावलेल्या संस्कृतींवर गहिवरले, तहानलेल्या मंगळवासीयांवर तर मांडवातल्या बायकांचे डोळे ओले केले. टाळ्यांवर टाळ्या. मग अण्णासाहेबांनी सवयीनं विचारलं, कुणाला काही शंका? आणि मागून बाबूभाई उभे राहिले. खाकी सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. पुढचे दोघेतिघे तेव्हाच हसू लागले होते.

"म्या बारा वर्सं कालव्यावर काम केलंय," त्यांनी सुरुवात केली. "कालवा असा सुतात जात न्हाई. डोंगराच्या पोटापोटानं जातो, उतार बघून वळसं घेतो. ह्या रेघा पट्टीनं मारल्यावानी हायत." प्राध्यापक प्रेमळपणे म्हणाले, मंगळ सपाट असेल, आणि ते लोक आपल्यापेक्षा पुढारलेले, यंत्रानं पाणी चढवत असतील. "आसंल की. आता म्या पंपावरच हाय," बाबूभाई म्हणाले. "पंप असल्यावर मानूस नळ टाकंल. उघड्या पाटात, उनात, इतक्या लांब पानी कशापायी सोडंल? निम्मं वाटंतच जिरंल." प्राध्यापकांनी पुन्हा समजावलं की आपल्याला दिसतं ते पाणी नव्हेच, कालव्याच्या दोन्ही काठांची हिरवळ दिसते. तेव्हा बाबूभाईंनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. "तेच म्हनतो मी, साहेब. हिरवळ म्हनता, तर मुखाशी रुंद दिसायला पायजे आन् टेलला बारीक होत होत मिटून जायला पायजे. हितं रेघ पयल्यापासनं शेवटापतोर सारखीच जाड हाय. असा कालवा नसतो. तिथली मानसं किती बी शानी असूद्यात, टेलला मुखायेवढं पानी पोचिवणारी मानसं अजून जल्मायची हायत. ही रेघ पान्यानं न्हाई काढली. बघणाराच्या हातानं काढली."

काय सांगू तुम्हाला! मागच्या बाजूला मोशी-चाकणकडची शेतकरी मंडळी बसली होती, त्यांच्यातून पहिली टाळी आली. "व्हय व्हय! टेलला कुठलं पानी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. प्राध्यापक हसले, पण हसू ओठांपुरतंच. घाईघाईनं समारोप झाला, नारळ दिला, मोटार निघून गेली. अण्णासाहेबांना त्या सगळ्यातलं 'तिथली माणसं शहाणी' एवढंच ऐकू आलेलं दिसतं. तीन वर्षं तेच डोक्यात घेऊन बसले आणि शोकसभेत येऊन ओकले. ऐकायला कान लागतात, उपरण्यानं भागत नाही.

पण सगळा राग अण्णासाहेबांवर काढून मी मोकळा होणार असेन तर माझ्यासारखा लबाड मीच. सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. बाबूभाई बोलले तो शब्द न् शब्द मी जागच्या जागी टिपून घेतला होता, मोठ्या हौसेनं. पक्कं करायला बसलो तेव्हा अण्णासाहेब शेजारी येऊन म्हणाले, "नाव नका हो घालू. पंपवाल्यानं प्राध्यापकांना गप्प केलं असं कागदावर दिसलं तर उद्या पुण्याहून कोण येईल आपल्याकडे? श्रोत्यांची नावं तशीही लिहीत नाहीत." आणि मी, ज्याला घरात सगळे भडक माथ्याचा म्हणतात तो मी, निमूटपणे लिहिलं, 'एका श्रोत्याने पुढील मुद्दा मांडला'. कुणाच्या भीतीनं? व्याख्यान मिळणार नाही या भीतीनं! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

थोड्याच दिवसांत प्राध्यापकांचं पत्र आलं, इतिवृत्ताची एक प्रत पाठवाल का? मी अभिमानानं पाठवली. पुढच्या वर्षी एका मासिकात त्यांचा लेख आला. महाशयांनी चक्क बाजू बदलली होती. मंगळावरचे कालवे हा दृष्टिभ्रमच, असं आता त्यांचं मत. आणि कारण? खऱ्या कालव्याकाठची हिरवळ मुखापासून शेवटापर्यंत सारखी रुंद कधीच असत नाही, 'असा विचार एकदा माझ्या मनात सहज येऊन गेला'. सहज! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन ताव भरून पत्र धाडलं. उत्तर चार ओळींचं. आपण पाठवलेल्या इतिवृत्तात कुणाचंही नाव नाही, तेव्हा ऋण मानायचं तरी कुणाचं, असं त्यांनी मलाच विचारलं होतं. लेख बाबूभाईंना दाखवला तेव्हा त्यांनी ओळीखाली बोट धरून तो अख्खा वाचला. "पटलं की ओ त्यास्नी!" म्हणाले. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. मी भडकलो. म्हटलं, अहो बाबूभाई, तुमचं बोलणं चोरलंय त्यानं! तर मलाच समजावतात, "चोरलं कशाचं? येका मानसाला तरी पटलं. ऱ्हाऊ द्या, राव." त्यांच्या त्या समाधानाचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. टेलच्या पाण्यासाठी काठी घेऊन उभा राहिलेला माणूस, स्वतःच्या शब्दांसाठी एकदाही काठी उचलेना!

गेल्या रविवारी वाचनालयाच्या सभेत मी ठराव मांडला. छप्पन्न सालच्या त्या इतिवृत्तात 'एका श्रोत्याने' हे शब्द खोडून 'श्री. बाबूभाई शेख यांनी' असं लिहावं. एवढंच. चार शब्दांचं काम. अण्णासाहेबांनी जुनी वही मागवली, चष्मा लावला, पानं उलटली आणि ते पान माझ्यासमोर फिरवलं. "कायम झालेलं इतिवृत्त आता उघडता येत नाही, चिटणीस. आणि वाचा, तुमचंच अक्षर आहे. सर्वानुमते मंजूर. म्हणजे बाबूभाईंचीही संमती होती, नाही का?" मी बरंच बोललो, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ठराव पडला. घरी आलो आणि जेवलो नाही, कारण अण्णासाहेबांनी निदान एवढं तरी खरं सांगितलं होतं.

मागचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून दाखवायचं आणि सभासदांनी हात वर करून ते कायम करायचं, ही आमची रीत. त्या सभेला बाबूभाई होते. मी उभा राहून मोठ्यानं वाचत होतो, 'एका श्रोत्याने पुढील मुद्दा मांडला', आणि तो श्रोता माझ्यासमोर बसून मन लावून ऐकत होता. वाचून झाल्यावर मी हात मोजले. त्यांचा हात सगळ्यात आधी वर गेलेला. सभा संपली, माणसं पांगली, मी दिवा मालवून बाहेर आलो तर ते पायरीवर माझ्यासाठी थांबलेले. माझा दंड धरून म्हणाले, "चिटणीस, समदं बराबर लिवलंत. येक शबुद सुटला न्हाई."

मी "हो" म्हणालो आणि दाराला कुलूप लावलं.