चिखलाला कोणाची मनाई?

लग्न होऊन मी सानगडीजवळच्या सासरच्या गावी आले, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची गोष्ट. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आदल्या पावसानं दगा दिलेला. गावच्या तलावात मधोमध म्हशी बसतील एवढंच पाणी उरलं होतं, बाकी सगळा काळा चिखल. आणि तलावापलीकडच्या जंगलात आग लागली होती. ती धड भडकत नव्हती, विझतही नव्हती. पालापाचोळ्यातून सरपटायची, एखाद्या वाळक्या बुंध्यात दडून बसायची, वारा सुटला की पुन्हा चालू लागायची. घरातल्या भातालाही धुराचा वास यायचा.

एका सकाळी ती मोहाच्या झाडांपर्यंत आली. झाडांच्या अलीकडेच गावाच्या तणशीचे ढीग होते. गुरांचा तेवढाच चारा उरला होता. माझी सासू तलावाच्या पाळीवर उभी राहून बघत होती. जिभेची कडक बाई. मी तिला बिचकून असायची. ती तिथूनच सरळ सरपंचांकडे गेली.

"पाण्याले हात लावू नका," सरपंच म्हणाले. "गुरं काय पितीन मंग?"

"आन् खातीन काय, ते सांगा ना! ठेवा तुमचं पाणी. आमाले चिखल पुरते."

तिनं लुगडं खोचलं आणि पोतं उचललं. मी मागं निघाले, आळीतल्या बायाही आल्या. पोती चिखलात बुडवायची, तशीच निथळत धावत न्यायची आणि जळत्या पाल्यावर आपटायची. काहीजणी पुढं जाऊन हिरव्या फांद्यांनी पाला झाडत होत्या, जमीन उघडी पडेपर्यंत. तळपाय भाजत होते. डोक्यावरचा पदर केव्हा पडला, मला कळलंही नाही. आम्हाला बघून पुरुष आले. शेवटी सरपंचही आले, हातात पोतं घेऊन.

उन्हं कलली तेव्हा आग मोहापाशीच थांबली होती. दोन झाडं गेली, तणस वाचली. मग सायकलवरून नाकेदार आला, म्हणजे जंगलखात्याचा राखणदार.

"जंगलात शिराले कोणाची परवानगी घेतली? मोहफुलं वेचाले खालचा पाला साफ कराचा म्हणून तुमीच आग लावली असन. केस करीन एकेकीवर!"

"आगीनं कोणाची परवानगी घेतली होती?"

हे मी बोलले होते. सासरी आल्यापासून परक्या पुरुषासमोर माझा आवाज निघाला नव्हता. मी मान खाली घातली नाही.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"माही सून हाय," सासू म्हणाली. "आन् बराबर बोलून राहिली. करा केस, साऱ्याईचे नावं लिहा. आगीत कोण होतं ते गावानं पाह्यलं. तुमी कुटं होते, तेबी पाह्यलं."

तो सायकल वळवून निघून गेला. केसबिस काही झाली नाही.

मोहापलीकडची जंगलातली टेकडी पुढंही बरेच दिवस धुमसत राहिली. आम्ही बाया रोज सकाळी चिखलाची पोती घेऊन तिकडं जात होतो, कोणालाही न विचारता.