कंसातले चाळीस

आमच्या मामाने छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. आधी पेन्सिलीने, मग संगणकावर. मला पट्टी धरायला त्यानेच शिकवलं आणि त्याच कारखान्यात चिकटवूनही दिलं. मामाचं अक्षर असं, की साहेब त्याला ‘छापखाना’ म्हणायचे.

मग फर्मान निघालं. संगणकावरही एकेक रेघ हाताने काढत बसायचं नाही. लिस्प नावाच्या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहायच्या, संगणक आपला आपण काढेल. महिन्याने परीक्षा, आणि नापास होईल त्याला घरी बसवणार. मामाच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामी अंथरुणाला खिळलेली, आणि तिचे सगळे उपचार कारखान्याच्या कार्डावर चालायचे. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लिस्पमध्ये प्रत्येक हुकूम कंसात लिहायचा, आणि कंसात सगळ्यात आधी कामाचं नाव. बेरीज करायची तर अधिकचं चिन्ह पहिलं, आकडे मागून. मामा सवयीने चिन्ह मध्ये टाकायचा आणि संगणक अडून बसायचा.

"उफराटा कारभार आहे हा," तो म्हणायचा. "आधी 'मिळव' म्हणायचं आणि मग काय ते सांगायचं!"

पण शिकला. पुढे शेवटचे कंस मिटायचे राहू लागले. संगणक मुकाट्याने मामाची वाट बघायचा आणि मामा संगणकाची. मी मुळातच तापट. एक दिवस कावून म्हणाले, "मामा, उगाच डोकं लढवू नकोस. चूक आली की कंस मोज. उघडलेले आणि मिटलेले जुळले की झालं!"

"बरं, मास्तरीणबाई," म्हणत त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

परीक्षेत एक चकती आणि तिच्यावर सहा भोकं काढायची होती. मी मागच्या टेबलावर होते, पण बोलायला बंदी. दिलेल्या कागदावर एक माप कंसात होतं: (४०). आमच्या धंद्यात कंसातलं माप माहितीपुरतं, दुसऱ्या मापावरून निघणारं. मामाने ते जन्मभर उतरवलं तसंच, कंसासकट उतरवलं. लिस्पला कंस दिसला की ते आतलं पहिलं नाव काम समजून करायला जातं. चाळीस हे काही काम नव्हे. पडद्यावर तेच उमटलं, ४० हे फंक्शन नाही.

मामाने कंस मोजले. पडद्यावर बोट ठेवून, एकेक करून. जुळले. पुन्हा मोजले, पुन्हा जुळले. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. वेळ संपेपर्यंत तो मोजतच होता.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "कुठला कंस कमी होता गं?"

"कमी नव्हता, मामा. एक जोडी जास्त होती. चाळिसाभोवतीची."

जास्तीचा कंस हीही चूकच असते, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. घाई माझी, भोगलं त्याने. वाटलं, ओरडावं याने माझ्यावर. त्याने वही काढली, माझ्या वाक्याखाली हे नवं लिहिलं आणि खाली नेटकी रेघ मारली.

"हात्तिच्या, एवढंच ना?" तो म्हणाला. "मग आता येतं की मला. साहेबांना सांगशील? म्हणावं, त्याला आता येतं."

मी तडक केबिनमध्ये जाऊन सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही.

"त्यांनी कार्ड जमा केलं का?" त्यांनी विचारलं.