टाळीसाठी सोडलेली जागा

बायको बाबांना सांभाळायला पुण्याला गेली, त्याला वर्ष होत आलं. वडील माझे, गेली ती. नोकरीचं कारण मी इतक्या सफाईने पुढे केलं की तिने वाद घातलाच नाही. तेव्हापासून बर्लिनमधले माझे रविवार संपता संपत नाहीत.

घराजवळच्या छोट्या थिएटरात रविवारी दुपारी जुने जर्मन बोलपट दाखवतात. सिनेमा नुकता बोलू लागला होता, तेव्हा इथल्या लोकांनी रंगभूमीवरच्या ऑपरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकंच, उचलून पडद्यावर आणल्या. परवाच्या सिनेमात नायिकेने बागेच्या पायऱ्यांवर गाणं संपवलं आणि ती तशीच उभी राहिली. हात किंचित पुढे, नजर आमच्याकडे. रंगमंचावरची सवय सुटली नसावी. मी टाळ्या वाजवल्या. बाबा हौशी नाटकांत पदं म्हणायचे. पद संपलं की टाळी, हे अंगात भिनलेलं.

पुढच्या रांगेतली पांढरी डोकी मागे वळली. शेजारच्या आजीबाई कुजबुजल्या, "तिला आता ऐकू जात नाही हो."

"सॉरी."

"सॉरी कशाला? बाकीचे झोपले होते, जागे झाले."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एक पद म्हणायचे. मी आवाज बारीक करून भांडी घासायचो. पद संपलं की तेही असेच थांबायचे, हात किंचित पुढे. मी ओला अंगठा वर करून दाखवायचो. उन्हाळ्यापासून त्यांनी गाणं बंद केलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

घरी येऊन फोन लावला.

"बाबा, एखादं पद म्हणता?"

"का रे? भांडी संपली वाटतं? नळ ऐकू यायचा मला."

तेच पुढे म्हणाले,

"हल्ली सूनबाईला म्हणून दाखवतो. समोर बसते ती."

"मग तिलाच म्हणा. फोन नुसता चालू राहू दे."

फोन टेबलावर आडवा पडला. मला छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. बाबांचा आवाज चिरकत होता, दुसऱ्या ओळीला दम तुटला, तरी त्यांनी पद पुरं केलं. मग ती ओळखीची शांतता. बायकोने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिकडे पोचल्या का, ते विचारायचा धीर झाला नाही.