पुढच्या कॅमेऱ्यात मला काय हवं होतं

सारसाच्या घरट्यासमोरचा धान मी वाकवला. माझ्या हातांनी, मुठीमुठीनं, मुळाशी पाय देऊन. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आळ दुसऱ्या माणसावर आला आणि मी तो येऊ दिला.

आमगावला बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. नव्व्याण्णव साली टाकला तेव्हा रोलचा कॅमेरा होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळांची ओळखपत्रं. पाचसहा वर्षांनी पहिला डिजिटल घेतला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, असं बायको म्हणते. तिचं बरोबर आहे, फक्त कारण तिला माहीत नाही. दहाबारा वर्षांत मी पाच कॅमेरे बदलले. एक हातात असायचा आणि डोक्यात पुढचा. जेवता जेवता कॅटलॉग चाळायचो. त्यातल्या एकेका सोयीवर पेनानं खूण करायचो, पुन्हा खोडायचो.

गोंदियाला प्रिंट काढायला जायचो तिथं लॅबशेजारी चहाची टपरी होती. प्रिंट निघेपर्यंत चार तालुक्यांतले फोटोग्राफर तिथं बसलेले. विषय एकच, पुढच्या कॅमेऱ्यात काय पाहिजे.

"दो कार्डवाला चाहिए," गोंदियाचा एक जाडजूड गडी म्हणायचा. त्याचं अख्खं एक लग्न कार्डासकट गेलं होतं. "एक मर गया तो दूसरा जिंदा. अब नवरी के बाप को क्या बोलूँ, फिर से फेरे लगाओ?"

तिरोड्याच्याला अंधारात चालणारा कॅमेरा हवा होता. नेमकी मंगलाष्टकं सुरू झाली की लाईट जायची आणि नवरदेवाच्या तोंडावर फ्लॅश मारून त्याचा भुताटकीसारखा फोटो यायचा.

"आन् तुले का पाह्यजे गा?" तो मला विचारायचा.

मी सांगायचो. लांबचा झूम. आवाज न करणारं शटर. आणि फोकस कुठं धरायचा ते मी ठरवीन, कॅमेऱ्यानं नाही.

"याले नवरी नाई पाह्यजे, पाखरू पाह्यजे," तिरोड्याचा हसायचा. "पाखरू का अल्बम घेऊन राह्यलं का रे तुह्याकडून?"

"ज़ूम छोड़, शादी करा दे इसकी सारस से," जाड्या म्हणायचा.

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि उठून उगाच लॅबच्या दारापर्यंत जाऊन यायचो. ते बिचारे चेष्टा करत होते. पण मी सांगितलेली एकेक गोष्ट त्या सकाळची होती.

आमगावपासून मोटारसायकलनं वीसेक मिनिटांवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथं दोन भावांच्या बांध्या एकमेकींना लागून. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं, चारी बाजूंनी बांध घातलेलं वावर. तलावाचं पाणी आधी थोरल्याच्या बांधीत भरायचं, तिथून खाली धाकट्याच्या. त्या वर्षी पावसाळ्यात थोरल्याच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं. पाण्यात गवताचा आणि धानाच्या काड्यांचा ढीग, वर दोन अंडी. आमच्या भागात अशा वेळी शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतो. तिथं निंदण करत नाही, पाणी उतरू देत नाही, कापणीलाही तेवढं गोल तसंच उभं ठेवतो. कोणी सांगितलेलं नसतं. करतात.

थोरले भाऊ साठीच्या आतले, बारीक अंगाचे. बातमी कळून मी फोटोसाठी गेलो तेव्हा त्यांनी मला सडकेवर उभं केलं आणि काठीनं दाखवलं. "इथून का काढाचे ते काढा, फोटोवाले. इथून पुढं नोका जाऊ. बाई बाळंत होऊन राह्यली वावरात, तिले कोनी उठवते का?"

धाकटे भाऊ तिथंच आपल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. त्यांच्या बांधीत भेगा पडायला लागल्या होत्या, कारण घरट्यासाठी थोरल्यांनी पाणी अडवून धरलं होतं. ते म्हणाले, "तुह्या पाखराचं बाळंतपन माह्या धानानं काऊन करावं रे भाऊ?"

"दोन हप्ते कळ काढ गा."

"धान काढते का कळ?"

पण म्हणताना ते हसत होते. थोरलेही हसले. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. मी दोघांना शेजारी उभं करून एक फोटो काढला आणि मग सडकेवरून पक्ष्याचे काढले. घरी येऊन संगणकावर पाहिलं तर हिरव्या धानात एक राखाडी ठिपका. तीनपट झूमचा कॅमेरा. त्यात सारस म्हणजे मुंगी.

रात्रभर नीट झोप नाही लागली असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागली. पण सकाळी उजाडताच मी गाडी काढली. थोरले त्या दिवशी गोंदियाला जाणार आहेत, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

सूर्य पाठीशी हवा. हे कोणत्याही फोटोवाल्याला शिकवावं लागत नाही. सकाळचा सूर्य पाठीशी यायचा तर धाकट्याच्या धुऱ्यावरूनच जायला हवं होतं. मी चपला गाडीपाशी काढल्या आणि चिखलातून, त्यांच्या धुऱ्यावरून, थोरल्याच्या बांधीत उतरलो. मादी अंड्यांवर बसली होती. मी जवळ गेलो तशी ती उठली, पाच पावलं दूर गेली, मान उंच करून उभी राहिली. नर लांबून ओरडायला लागला. मला वाटलं, छान, आता अंडीही दिसतील आणि मागं पक्षीही येईल.

बटण दाबलं की कॅमेरा समोरच्या धानाच्या पात्यावर फोकस धरायचा. पातं काचेसारखं स्वच्छ आणि मागं सगळा धूर. पुन्हा दाबायचो, पुन्हा पातं. प्रत्येक फोटोनंतर नारिंगी दिवा लुकलुकायचा, कार्डात फोटो उतरेपर्यंत काही करता येत नसे. तेवढ्यात मादी दोन पावलं जवळ यायची आणि पुढच्या फोटोच्या खटक्यानं मागं जायची. ऊन चढत होतं. अंडी उघडी होती. ते मला दिसत होतं आणि तरी मी पुढच्या फोटोची वाट पाहत होतो.

मग मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि घरट्यासमोरचा धान वाकवला. खिडकीसारखी जागा केली. धान परत उभा राहू नये म्हणून मुळाशी पाय देऊन चिखलात दाबला. त्यानंतर एक फोटो चांगला आला. दोन्ही अंडी, मागं मादीचे पाय आणि मान. एकच.

निघताना धुऱ्यावर एक कावळा येऊन बसला. मी त्याला पाहिलं. अकरा वाजता एका शाळेत ओळखपत्रांचे फोटो होते. मी घड्याळ पाहिलं आणि गेलो. दाबलेला धान उभा करायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं, फार तर पंधरा.

तिसऱ्या दिवशी थोरले भाऊ माझ्या स्टुडिओत आले. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसले, पाठीमागं निळा पडदा. मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

"कावऱ्यायनं फोडले दोन्ही," ते म्हणाले. "कोनी तरी धान दाबून देल्ला. वाट करून देल्ली कावऱ्याले."

मी पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला.

"पाय माह्या भावाच्या धुऱ्यावरून आले. चिखलात दिसून राह्यले चोख. अनवानी पाय. पान्यासाठी केलं त्यानं. अंडे गेले त पानी सुटन, असं." त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. मग मान वर करून म्हणाले, "तुमी येत राहता ना तिकडं सडकेवर. तुमाले दिसलं का कोनी? माहा भाऊ नसन त तसं सांगा. तुमी सांगान त मी आयकन."

ते भावाला वाचवायला आले होते. आरोप करायला नाही. एक साक्षीदार मिळाला तर भावानं हे केलं यावर त्यांना विश्वास ठेवायचा नव्हता, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी म्हणालो, "मी त्या दिवसानंतर तिकडं आलोच नाही, भाऊ."

ते उठले. "बरं" म्हणाले आणि गेले. काउंटरवरचा कॅमेरा त्यांच्या कोपराला लागून सरकला, तो त्यांनी परत जागेवर ठेवला. त्याच्याच कार्डात तो फोटो होता.

धाकट्यांनी केलं नाही म्हणून सांगितलं, देवाची शपथ घेतली, मग चिडले. चिडल्यावर जे बोलू नये ते बोलले. पुढच्या वर्षी मधला धुरा हातभर उंच झाला आणि पाणी जायची वाट थोरल्यांनी बुजवली. धाकटे दुसऱ्याच्या बांधीतून मिनतवाऱ्या करून पाणी आणायला लागले. ही सगळी माहिती मला आपोआप मिळायची. गावातलं कोणीतरी फोटोला यायचं आणि मी न विचारता सांगायचं. मी कॅमेरा नीट करत असल्यासारखं करायचो.

तेव्हापासून नव्या कॅमेऱ्याची हाव सुरू झाली. लांबचा झूम असता तर मी सडकेवरच राहिलो असतो. फोकस हातात असता तर पातं आड आलं नसतं. शटर मुकं असतं तर मादी बसून राहिली असती. दर वेळी नव्या कॅमेऱ्यात यातलं एक मिळायचं आणि एक राहायचं. मग ते राहिलेलं मला झोपेतही टोचायचं. लोकांना वाटायचं, याला नाद आहे. मलाही बरीच वर्षं तसंच मानून घेता आलं.

धाकट्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. घरच्यांच्या फोटोसाठी सगळे मांडवात उभे राहिले, मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर धाकटे म्हणाले, "जराक थांबा." ते मांडवाच्या तोंडाकडं पाहत होते. थोरल्यांच्या घरचं कोणीच आलं नव्हतं. नवरीची मावशी म्हणाली, "येनारा असता त हळदीले आला असता जी, काढू द्या." धाकटे तरी पाहतच राहिले. मग म्हणाले, "काढा." फोटोत त्यांची नजर कॅमेऱ्याकडं नाही. अल्बममध्ये तो मी लहान लावला.

दोन हजार दहा उलटल्यावर कधीतरी मी तो पाचवा कॅमेरा घेतला. सगळं होतं त्यात. सडकेवरून सारसाच्या डोळ्यातली लाल कड दिसायची. शटरचा आवाज नाही. फोकसचा ठिपका बोटानं हलवायचा, पातं आड आलं तरी पक्षी धरायचा. मी दुसऱ्या गावच्या तलावावर गेलो, लांबून एका जोडीचे दोनशे फोटो काढले, एकाहून एक. घरी आलो, संगणकासमोर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. बायको म्हणाली, "आता काय राहिलं?" खरंच काही राहिलं नव्हतं. कॅटलॉगमध्ये खूण करायला एकही ओळ नव्हती, आणि बेचैनी होती तशीच. तेव्हा कळलं की स्टुडिओतल्या त्या स्टुलासमोर मी खोटं बोललो ते काही झूम कमी पडला म्हणून नाही.

तरीही मी गेलो नाही. या हिवाळ्यात जाऊ, धानाची रोवणी झाली की जाऊ, असं करत राहिलो.

मग थोरले वारले. त्यांचा मुलगा तेरवीच्या आधी स्टुडिओत आला. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. बापाचे फोटो घरात नव्हतेच, एकच होता, मीच काढलेला. दोघं भाऊ वावरात शेजारी उभे, हसताना.

"यातून काकाले काढून टाका," मुलगा म्हणाला.

"राहू दे ना. वेगळा कापून देतो."

"त्यायचा हात बाबाच्या खांद्यावर हाये. तो बी काढा."

मी काढला. संगणकावर एकेक बोट पुसून तिथं शर्टाचं कापड भरलं. खांद्याला थोडी घडी राहिली, ती मुलाला दिसली नाही. तो "छान झालं" म्हणाला आणि फोटो कागदात गुंडाळून घेऊन गेला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं असंही म्हणणार नाही. आलं नव्हतं. मी लॅमिनेशनचं विचारलं.

तेरवीला मी गेलो होतो. धाकटे आले, पण मांडवात बसले नाहीत. बाहेर सडकेच्या कडेला उभे राहिले, जेवण होईपर्यंत. पुतण्यानं बोलावलं नाही. मी त्यांच्याजवळून गेलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "फोटो तुमीच बनवला ना गा भाऊचा? चांगला झाला म्हनते. मले पाहू नाई देल्ला." मी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

धाकटे आता सत्तरीच्या पुढं आहेत. कान कमी झाले आहेत, डोकं साफ आहे. थोरल्यांना मी काय देणं होतो ते आता देता येत नाही. धाकट्यांना देता येतं. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पुतण्याला शेजारी बसवून, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचं आहे की ते पाय माझे होते आणि धान मी वाकवला. ते मी अजून सांगितलेलं नाही.