आबांनी दिलेलं कांडं

उजवीकडची खालची दाढ किडली तेव्हा माझ्याआधी आबांची झोप उडाली. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी भरतीची तयारी करत होतो आणि भरतीच्या मेडिकलला दात मोजतात. डावीकडच्या दोन दाढा आधीच गेल्या होत्या. "ही काढायची न्हाई. ही गेली तर वर्दी गेली," आबांनी ठरवून टाकलं.

कोरेगावहून साताऱ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवून रूट कॅनाल समजावलं. आतली नस सडली आहे, ती काढून मुळं साफ करायची, भरायची आणि वर कॅप बसवायची. मात्र आतून कोरलेली दाढ ठिसूळ होते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही. आबा शेजारी बसून मान डोलवत होते.

नस काढली आणि ठणका एकदम गेला. इथंच सगळं बिनसलं. आमच्याकडं दुखणं थांबलं की आजार संपला. "बरी झाली दाढ," असं आबा गावभर सांगत सुटले.

कॅप बसायची होती, त्याआधीच आमच्या उसाला तोड आली. पाहुणे जमले. कोयत्यानं ऊस सोलायचा तो म्हाताऱ्यांनी. तरण्या पोरानं दातच लावायचा. आबांनी स्वतः निवडून एक कांडं माझ्या हातात दिलं.

"दाव रं, फौजीच्या पोराचं दात!"

"आवं आबा, कॅप ऱ्हायलीय अजून."

"आता कुठं दुखतंय तुला?"

चारचौघांत त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की मला नाही म्हणवेना. साल पुढच्या दातांनी निघाली. पण गाठ फोडायला दाढ लागते, आणि डावीकडं ती नव्हतीच.

कट् असा आवाज झाला. दुखलं अजिबात नाही, म्हणून मी चावतच राहिलो. चोथा थुंकला तेव्हा त्यात अर्धी दाढ होती.

आबांनी ती वेचून घेतली. मी त्यांच्यावर भयंकर चिडलो होतो. पण बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दाढ मुळापर्यंत चिरली होती, काढावीच लागणार होती. आबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर उलगडली. उभ्या जन्मात मी त्यांचा एवढा बारीक आवाज ऐकला नव्हता.

"म्याडम, तुकडा धुऊन आणलाय. चिकटवता येतोय का, बघा की."