डाव्या हाताचा चाकू

माझ्या शाळेच्या दहा वर्षांत पेन्सिलीला टोक मी स्वतः कधी काढलं नाही. ते काम बाबांचं. बाबांना अक्षर येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. पण टोक असं काढायचे की वर्गातल्या पोरी माझी पेन्सिल मागायला यायच्या आणि मी भाव खायचे. दुसऱ्याच्या वावरात कामाला निघण्याआधी ते ओट्यावर बसायचे, बंडीच्या खिशातून चाकू काढायचे, उजव्या अंगठ्याच्या नखानं पातं उघडायचे आणि पेन्सिल फिरवत फिरवत तासायचे. त्याच चाकूनं सुतळी कापायची, पेरू चिरायचे, पायात रुतलेला बाभळीचा काटा काढायचा. आमच्याकडे चाकू एकमेकांच्या हातात देत नाहीत, माणसात तुटतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. बाबा ही रीत कडक पाळायचे. घाईत मी हात पुढे केला तरी चाकू जमिनीवरच यायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला मला इचोड्याच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली. मी तिथे खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी आदिलाबादला बस बदलून गावी यायचे. आमचं गाव जैनथच्या बाजूला, पैनगंगेपासून जवळ. नोकरीचं पहिलं वर्ष संपायच्या आतच बाबांना वावरात लकव्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं आठवडाभरात परतलं, पाय ओढत चालायलाही लागले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

आणि चाकूही गेला. ते पडले तिथे कापसाच्या पऱ्हाटीत कुठेतरी खिशातून घसरला असावा. मी आणि मायनं एकेक ओळ वाकून पाहिली, नाही सापडला. मायनं जैनथच्या बाजारातून दुसरा आणला, पण तो नखानं उघडायचा, म्हणजे दोन हात पाहिजेत. बाबांनी एकदा पातं दातात धरून उघडायचा प्रयत्न केला. मायनं तो चाकू हिसकावून घेतला आणि कुठे लपवला देव जाणे. तेव्हापासून ते समोर चिरून ठेवलेलं खायचे. आधी मागायचे, "एक फोड करून दे वं," असं. मग मागणंही बंद झालं. पेरू समोर असला तरी त्याच्याकडे पाहायचे नाहीत. हा माणूस पुन्हा आपल्या हातानं काही करील की नाही, एवढी एकच काळजी आमच्या घरात उरली होती.

माझा स्वभाव तापट. दुःख झालं की मला राग येतो आणि राग आला की काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. मी ठरवलं, एका हातानं उघडेल असा चाकू बनवून घ्यायचा.

इचोड्याला मोठ्या रस्त्याच्या कडेला, ढाब्याच्या शेजारी एका म्हाताऱ्या लोहाराची पालवजा टपरी होती. ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यांपासून तो विळे, कोयते, चाकू बनवायचा. मराठी समजायची, बोलायचा मात्र आपल्या हिंदीत. मी त्याला डावा हात पुढे करून दाखवला आणि उजवा पदराखाली लपवला. त्याला लगेच कळलं.

"ऐसा बोलो ना मॅडम," तो म्हणाला. "पत्ती को पीछे से पूंछ रखता. अंगूठे से दबाए तो खुला."

पात्याला मागून बोटभर शेपटी. बंद चाकूतून ती बाहेर राहणार, तिच्यावर अंगठा दाबला की पातं उघडणार. मी खूश झाले आणि अंगातली मास्तरीण जागी झाली. पात्यासोबत आणखी काय काय? काटा काढायला चिमटा पाहिजे. पोती शिवायला दाभण पाहिजे. करदोड्याला बांधायला भोक पाहिजे, म्हणजे पुन्हा हरवायला नको. लोहार प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि शेवटी म्हणाला, "घर का पूरा सामान इसीच में डालते क्या?"

मुठीचं ठरवायला सगळ्यात वेळ लागला. त्यानं पोत्यावर तुकडे मांडले. सागवान, पितळ, लाल प्लास्टिक आणि म्हशीचं शिंग. पितळ जड. प्लास्टिक मला गावठी वाटलं. सागवान दिसायला छान, पण त्यानं पाण्याचा हात लावून माझ्या हातात दिलं तर सटकलं. मग त्यानं शिंगाला तसंच पाणी लावलं. ते ओलं असूनही बोटांना धरून राहिलं. काळंभोर, मध्ये पिवळसर रेघ. "ये लेव मॅडम, फिसलता नै."

मी शिंग घेतलं. फार विचार करून, फार प्रेमानं घेतलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी रीतीप्रमाणे चाकू त्यांच्यापुढे खाली ठेवला. त्यांनी डाव्या हातानं उचलला, शेपटी पाहिली, अंगठा दाबला. पातं उघडलं. बाबा हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले आणि आतून माय धावत आली. त्यांनी दोनदा, तीनदा उघडबंद केलं. मग मूठ उजेडाकडे धरली. अंगठा घासला. नाकाजवळ नेली.

"कायची मूठ हाय हे?"

"म्हशीच्या शिंगाची. घामानं सरकत नाई," मी फुशारकीनं म्हटलं.

त्यांनी चाकू बंद केला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. "चांगला हाय," म्हणाले. "ठेव आत."

मला वाटलं रीत पाळली. मी तो कोनाड्यात ठेवून दिला.

पुढच्या शनिवारी तो तिथेच होता, वर धूळ. त्याच्या पुढच्या शनिवारीही तिथेच, आणि माय विळीवर बाबांसाठी पेरू चिरून राह्यली होती. माझं डोकं सटकलं. "मी काऊन एवढी फिरली मंग?" मी ओट्यावर जाऊन ओरडले. "डाव्या हातानं करायची लाज वाटते काय तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की ते जायला नको होतं, पण माघार घ्यायची सवय मला तेव्हा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला बसवर सोडायला माय आली. फाट्यावरच्या कडुनिंबाखाली उभी राहून ती म्हणाली, "त्या शिंगानं केलं वं सारं."

मग तिनं मला सांगितलं. तिलाही हे लग्नानंतर तिच्या सासूकडून कळलं होतं. गावात कोणाचं ढोर मेलं की ओढून न्यायचा हुकूम आमच्या मोहल्ल्याला यायचा. कातडी सोलायची, शिंगं काढायची. माझे आजोबा जन्मभर ते करत आले. मग मोहल्ल्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता मेल्या ढोराला हात लावायचा नाही. थोड्याच दिवसांत एका मोठ्या घरचा बैल मेला. निरोप आला. कोणी गेलं नाही. तीन दिवस तो तसाच पडून होता आणि त्या हंगामात मोहल्ल्यातल्या एकाही माणसाला गावात काम मिळालं नाही. आजोबा घाबरले. बैल पडलेला असतानाच एका पहाटे तो ओढायला गुपचूप निघाले होते. तेव्हा बाबा सतरा-अठरा वर्षांचे. त्यांनी दारात बापाचा हात धरला आणि दिवस वर येईपर्यंत सोडला नाही.

"कोन्त्या हातानं धरला असन, सांग," माय म्हणाली. आणि तिनं स्वतःचा उजवा हात पुढे केला.

बस आली तरी मी चढले नाही, पुढची घेतली. मला दीक्षा माहीत होती. गाणी पाठ होती, पंचशील पाठ होतं, दर वर्षी शाळेत मी त्यावर भाषणही करायचे. पण माझ्या बाबांच्या हातानं काय सोडलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही मान वर करून वाढावं म्हणून त्यांनी ती गोष्ट घरात काढलीच नाही, आणि ज्या वस्तूपासून त्यांनी आपल्या बापाला अडवलं तीच मी त्यांच्या उरलेल्या एका हातात दिली. मला इतकी लाज वाटली की इचोड्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या शनिवारी मी बाबांना म्हटलं, "मूठ बदलाची हाय. तुमी चाला. मले लाकडातलं काई समजत नाई."

झटक्यानंतर ते पहिल्यांदाच गावाबाहेर निघाले. रविवारी दुपारी इचोड्याला लोहारानं त्यांना उलट्या डब्यावर बसवलं. मी काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते, आणि मला ते फार जड गेलं.

बाबांनी एकेक तुकडा डाव्या हातात घेतला. सागवान बाजूला केलं, "हे मेजाले ठीक." प्लास्टिकला नुसतं हसले. मग टपरीच्या कोपऱ्यातल्या मोडक्या कुऱ्हाडीच्या दांड्याकडे बोट दाखवलं. धावड्याचं लाकूड होतं. ते मुठीत धरून बराच वेळ बसून राहिले. "हे घ्या," म्हणाले. "रंधा नोका मारू लई. खरबरीतच राहू द्या."

दाभण त्यांनी काढायला लावला. "मांडीत घुसन माह्या. पोतं शिवाले मी चाललो काय आता?" लोहार माझ्याकडे पाहून हसला. चिमटा राहिला. करदोड्याचं भोकही राहिलं.

खिळे काढून लोहारानं शिंगाच्या दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या. "क्यों चाचा, सींग तो बढिया था."

मला वाटलं आता बाबा चिडतील. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "अच्छाच है, भाई," ते म्हणाले. "मेरे बाप के हाथ में बहुत रहा."

लोहाराला काय कळलं माहीत नाही. त्यानं पट्ट्या उचलून दुसऱ्या कामाच्या ढिगात टाकल्या आणि भट्टी पेटवली.

चाकू घेऊन आम्ही माझ्या खोलीवर आलो. मी चूल पेटवायला लागले तर बाबा म्हणाले, "तुई पेन्सिल आन."

मी हजेरीपटाची पेन्सिल आणली. ते खाली बसले. लुळा उजवा हात डाव्या हातानं उचलून पेन्सिलीवर ठेवला, तिला दाबून धरायला. मग चाकू उघडला आणि तासायला लागले. शिसं तुटलं. पुन्हा तासलं, पुन्हा तुटलं. मी न राहवून हात पुढे केला, तर त्यांनी पेन्सिल सरळ आपल्याकडे ओढली. कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा टोक निघालं. वाकडं, एका बाजूला जाड. वर्गातल्या कोणत्याच पोरीनं ते मागितलं नसतं.

त्यांनी चाकू बंद करून जमिनीवर ठेवला. पेन्सिल मात्र माझ्या हातात दिली.

"पोरी," म्हणाले, "डाव्या हाताची लाज मले कदी नव्हती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता भाकर टाक. भूक लागली."