ड्यूटी आणि रुखवत

महाराष्ट्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आया होते. आया म्हणजे बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पट्ट्या गुंडाळणं आणि दिवसभर 'ए आया, ए आया' ऐकणं. हे झालं पक्कं काम. दुसरं काम माझं मीच काढलेलं होतं. मी लग्नाची रुखवतं करून द्यायची.

आताच्या मुलींना सांगावं लागेल, म्हणून सांगते. नवरीकडचे लोक मांडवात एका बाजूला टेबल लावतात आणि त्यावर काय काय मांडतात. साखरेची तुळस, शेवयांची विहीर, सुपारीचे भटजी, मण्यांचा पाळणा, पुठ्ठ्याचा बंगला. मग नवरदेवाकडच्या बाया येतात आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक मुरडत पाहतात. ते रुखवत. सगळं नवरीनं स्वतः केलं, असं म्हणायचं असतं. आमच्या भागात हात बहुतेक वेळा माझेच असायचे.

आमचे हे एसटीत कंडक्टर. घरात सासूबाई आणि दोन लेकरं. त्यामुळे नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. पण रुखवत सोडणंही माझ्या जिवावर यायचं. दोन पैसे मिळायचे, ते होतंच. पण खरं सांगू का? मांडवात मला कोणी 'ए आया' म्हणत नसे. 'ताई, इकडं या नं,' 'ताई, हे कसं केलं हो?' असं म्हणत. तेवढं ऐकायला मी चार कोस पायी गेले असते.

माझं रुखवत इतरांपेक्षा वेगळं दिसायचं, त्याचं कारणही दवाखानाच. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या की त्यांचे बंगल्याला सुरेख खांब होत. आणि खिडक्यांच्या काचा म्हणजे फोटोच्या फिल्मा. छातीचा नाहीतर हातापायाचा फोटो काढतात ना, त्या. बिघडलेल्या आणि कोणी न्यायला न आलेल्या फिल्मा फोटोवाले दादा टाकून देत, त्या मी विचारून आणायची. कोपऱ्यातलं नाव कापायचं, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोन दिवस भिजवायचं आणि चोळायचं. आतली हाडंबिडं सगळी निघून जातात, निळसर काच हाती येते. त्यावर रंगीत पातळ कागद लावला की बाया म्हणत, "व माय, कलेक्टरच्या बंगल्यावानी!"

आता दोन कामं एकाच माणसाच्या अंगावर म्हटली की ती एकमेकांत सांडतातच. एकदा रुखवताच्या पालखीला चमकी लावून मी तशीच ड्यूटीवर पळाले आणि पट्ट्या गुंडाळायला बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब राउंडला आले. एका पाटलाच्या पायाची पट्टी बदलली, तर त्याचा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लखलखत होता.

पाटील खूश. "डागदर, हे नवीन औशध व्हय का?"

डॉक्टरांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं आणि मेट्रनबाईंनी माझ्या केसांकडे. केसांतही चमकी होती.

मेट्रनबाई नगरकडच्या, ख्रिस्ती, एकट्या राहणाऱ्या. साडीला एक चुणी पडलेली मी कधी पाहिली नाही. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"हा वॉर्ड आहे की लग्नाचा मांडव?"

"वॉर्ड, बाई."

"तू किती ठिकाणी नोकरी करतेस?"

"एकाच, बाई. दुसरी नोकरी नोहे. ते आपलं..."

"ते आपलं बंद. नाहीतर हे बंद. नोकरी की रुखवत, सोमवारी सकाळी मला एका शब्दात सांगायचं."

बुधवार होता तो. आणि रविवारी माझं देऊळघाटच्या लग्नाचं रुखवत ठरलेलं, त्यात दुमजली बंगला. मी मनात म्हटलं, हे शेवटचं. शेवटचंच आहे तर असं करू की लोकांनी नाव काढावं.

लोकांनी नाव काढलं, पण ते पुढे.

गुरुवारी फिल्मा घमेल्यात भिजत घातल्या आणि ड्यूटीवर गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर घमेल्यात गहू. फिल्मा दोरीवर, धोतरांच्या शेजारी वाळत घातलेल्या.

"आत्याबाई, हे काऊन काढलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"मंग कुरडयाचे गहू का माया डोक्यावर भिजवू? सगळ्या आळीच्या कुरडया झाल्या, आपल्याच राह्यल्या. तुये फोटो तं निंगाले नं धुऊन. पाह्य, सफा होऊन गेले!"

मी पाहिलं, सफा दिसत होत्या. आता उजेडापुढे धरून पाहायला पाहिजे होतं, हे मला आज कळतं. पण शुक्रवारी दुपारची ड्यूटी, शनिवारी सकाळची, मध्ये लेकरांच्या भाकरी. जेवढा वेळ होता तेवढ्यात खळ लावली, लाल-निळा कागद चिकटवला आणि खिडक्या बसवून मोकळी झाले.

रविवारी बंगला मांडीवर घेऊन देऊळघाटच्या गाडीत बसले. गाडी खच्चून भरलेली. उभे राहिलेले लोक वरून बंगल्यात डोकावून पाहत होते.

"काहो बाई, वरचा मजला भाड्यानं देता का?" एकानं विचारलं.

"त्याच्यात जिना नाही, भाऊ."

"चालते नं. आमची बायको तशीबी मले खाली उतरू देत नाही."

सारी गाडी हसली. मीही हसले, पण मनातून वाटत होतं, उद्यापासून हे नाही. नुसती आया उरणार.

लग्न संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचं होतं. वऱ्हाड रोहिणखेडचं. मांडवात टेबल लावून मी सगळं मांडलं, मधोमध बंगला. मागे वळून पाहते तर नवरदेवाकडच्या बायांत पांढरी साडी! मेट्रनबाई, हातात सरबताचा ग्लास. नवरदेवाच्या बहिणीचं बाळंतपण आमच्या दवाखान्यात झालं होतं, म्हणून त्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. मी चटकन नवरीच्या आईच्या पाठीमागे झाले.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. ऊन लागून राह्यलं."

ऊन कधीच उतरलं होतं. दिवेलागण झाली, तशी एकानं ग्यासबत्ती आणली. एवढा मोठा मांडव, पण त्यानं ती नेमकी माझ्या बंगल्याच्या मागे टांगली. तीन खिडक्या लाल-निळ्या चमकल्या, काय सांगू, दिवाळीच. चौथ्या खिडकीत बरगड्या उमटल्या. दोन्हीकडून सारख्या, आणि मध्ये काळजाची सावली.

एका बाईनं आधी पाहिलं. "कायचं चित्र काढलं वं हे? शिडी व्हय का?"

दुसरी वाकली आणि दोन पावलं मागं सरली. "शिडी नोहे, माय! हाडं व्हय ते! मानसाची हाडं!"

मग काय विचारता! रुखवताभोवती ही गर्दी. रोहिणखेडच्या विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, पुढे आल्या. चांगल्या उंच, नऊवारीचा कासोटा, आवाज असा की वाजंत्री थांबली.

"लेकीसंग हाडं पाठवून राह्यले का आमच्या घरी? शुभ कार्यात? कोनं केलं हे?"

सगळ्या नवरीच्या आईकडे पाहू लागल्या. कारण उत्तर ठरलेलं होतं. रुखवत नवरीनं केलेलं असतं. दुपारपासून नवरीची आई सगळ्यांना तेच सांगत होती, 'आमच्या पोरीच्याच हातचं हो.' आता ती पदर तोंडात धरून उभी. आणि तिकडे पाटावर, हळदीच्या अंगानं बसलेली ती पोरगी मान उंच करून पाहत होती, आपण असं काय केलं म्हणून. मी गप्प राहिले असते तर माझं काही बिघडलं नसतं. ती मात्र जन्मभर त्या घरात 'हाडंवाली' झाली असती.

मेट्रनबाई दहा हातांवर होत्या. मी पुढे झाले.

"मावशी, ते पोरीनं नाही केलं. मी केलं."

"तू कोन वं?"

"मी बुलढाण्याच्या दवाखान्यातली आया."

'ताई' म्हणणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. "छातीचा फोटो व्हय तो. आम्ही धुऊन काच करतो. एक नीट धुतल्या गेला नाही."

"मुडद्याचा फोटो?"

"नाही हो. जित्या मानसाचा."

"कायवरून? तवा जिता असंन, मंग मेला असंन! मेला काऊन नसंन?"

ते सांगणारं माणूस मांडवात एकच होतं. माझी नजर आपोआप मेट्रनबाईंकडे गेली. माझ्यामागोमाग विहीणबाईंची गेली, मग सगळ्या मांडवाची. मेट्रनबाईंनी ग्लास खाली ठेवला. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. बंगल्यापुढे वाकल्या, जशा वॉर्डात पेशंटपुढे वाकत तशा.

"बत्ती जरा वर करा."

बत्ती वर झाली. बायांच्या माना पुढे आल्या.

"फोटो काढताना ह्यानं भरपूर श्वास घेतलेला आहे," त्या म्हणाल्या. "मेलेला माणूस श्वास घेत नाही. डाग नाही, पाणी नाही. छाती स्वच्छ आहे. चांगला ठणठणीत गडी आहे हा, मरतोय कशाला?"

"मंग फोटो कायले काढला?" विहीणबाईंनी विचारलं.

"उगाच खोकत असेल. पुष्कळ पुरुष उगाच खोकतात."

बायांमध्ये हशा फुटला तो फुटलाच. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मांडवाच्या कडेला बिडी ओढत बसलेल्या आपल्या मालकांकडे पाहिलं. ते नेमके तेव्हाच खोकत होते.

"आयकून राह्यले का? याले म्हनतात छाती! तुमचा फोटो काढला तं चुलीचं धुराडं दिसंन त्याच्यात."

"आता लग्नात कायले..." ते बिचारे बिडी धोतराआड लपवू लागले.

"तो बंगला आमच्याच गाडीत ठेवा रे!" विहीणबाईंनी हुकूम सोडला. "ओसरीवर मांडतो, यांच्या डोयापुढं. रोज पाहू द्या." आणि पाटाकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू नको घाबरू वं. तुयं काही नाही त्याच्यात."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. त्यानंतर मेट्रनबाईंना कोणी सुखानं जेवू दिलं नाही. जो तो येऊन खोकून दाखवत होता. एका आजोबांनी तर पंगतीत जिलबी बाजूला सारून जीभ बाहेर काढली. मी पातेल्याआड उभी राहून पाहत होते आणि सोमवारची सकाळ मला समोर दिसत होती.

सोमवारी केस ओले करून, वेणी घट्ट घालून, नखं कापून गेले. वाटेत ठरवलं होतं, 'नोकरी' म्हणायचं. एकच शब्द.

मेट्रनबाई टेबलाशी. मान वर न करताच म्हणाल्या, "कुणाची छाती होती ती?"

"मालूम नाही, बाई. नाव कापून टाकलं होतं."

"पुन्हा फिल्मला हात लावायचा नाही. माणूस आपल्या भरवशावर छाती उघडी करतो. मांडवात मिरवायला नाही."

"हाव, बाई." हे त्यांचं अगदी बरोबर होतं आणि मला फार लागलं. त्या दिवसापासून मी खिडक्यांना साधा पतंगाचा कागद लावला.

"बरं. काय ठरलं? नोकरी की रुखवत?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होता, तुम्हाला खोटं वाटेल, पण जिभेवर होता. आणि बाहेर आलं, "दोन्ही, बाई."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन सासूबाईंना काय सांगू?

"मी ताप असतानाही कधी रजा घेतली नाही," मी घाईघाईनं म्हणाले. "चमकी लावली तं कोपरापर्यंत हात धुऊन येईन. केसाले फडकं बांधीन. पन दोन्ही, बाई."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, "तुमच्यात लग्नं बारा महिने असतात?"

"नाही नं. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत. पावसाळ्यात कोनी करत नाही."

"आणि आपला वॉर्ड कधी भरतो?"

ते काय मला विचारायला हवं होतं? पावसाळ्यात हगवण, हिवताप, शेतात साप चावलेले. जमिनीवर गाद्या टाकाव्या लागत आणि रात्रपाळी म्हटली की सगळ्या आयांची पोटं दुखत. मेट्रनबाई काय म्हणणार, ते माझ्या लक्षात आलं आणि त्यांच्या आधी मीच 'हाव' म्हणून टाकलं. लग्नसराईत मला सकाळची ड्यूटी, दुपारी दोनला सुट्टी. पावसाळाभर रात्रपाळी माझी.

"लग्नं नेमकी कधी नसतात ते मला नीट सांग," त्या म्हणाल्या. "मला तुमचं ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरचं पंचांग घेऊन गेले. अधिक महिना सांगितला, पौष सांगितला, शेवटी शुक्राच्या अस्ताशी येऊन अडलो. मेट्रनबाई चष्मा लावून बोट ठेवत वाचत होत्या.

"म्हणजे शुक्र बुडाला की लग्न नाही?"

"नाही, बाई."

"मग शुक्र बुडाला की तू माझी?"

"हाव, बाई."

"आणि उगवला की?"

"उगवला की दोन वाजेपर्यंत तुमची."

त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि पंचांगाच्या कडेला तसंच लिहून घेतलं.